गावातल्या छोट्या उद्योगात नवं काही करायचंय? विदर्भातल्या उद्योजकांसाठी पायरीपायरीनं मार्गदर्शन

गावात तुमची मिनी डाळ मिल असेल, तेलघाणी असेल, हळद-मिरचीची चक्की असेल, बचत गटाचा पापड-सरगुंड्यांचा धंदा असेल किंवा तालुक्याच्या रस्त्यावर ट्रॉली-वखर बनवणारं वेल्डिंगचं दुकान असेल, तर हे सगळं तुमच्यासाठी लिहिते आहे. मी स्वतः वर्धा जिल्ह्यात तुरीची डाळ आणि हळद-मिरची करते.

धंद्यात काहीतरी नवं करायचं ठरवलं की माणूस गोल फिरायला लागतो. बँक म्हणते प्रकल्प अहवाल आणा. अहवाल करून देणारा विचारतो योजना कोणती. योजनेच्या खिडकीवर मशीनचं कोटेशन मागतात. कोटेशन देणारा म्हणतो, मोठंच मशीन घ्या, अनुदान आहे ना. या सगळ्या फेरीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही: तुमची अडचण नेमकी कोणती आहे, आणि ती कामावरच्या माणसांना विचारून पाहिली का?

खालचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे. पैसा सातव्या पायरीवर येतो. तो आधी आणला तर बाकीच्या पायऱ्या होतच नाहीत, आणि शेडमध्ये ताडपत्री पांघरलेलं मशीन उभं राहतं. तशी मशिनं आपल्या प्रत्येक तालुक्यात पाहायला मिळतात.

सुरुवातीला लागणारं सामान

- दोनशे पानी वही आणि दोरीनं बांधलेला पेन. मोबाइलमधली नोंद मालकाकडेच राहते, वही सगळ्यांना दिसते.
- प्रमाणित वजनकाटा. पोत्याचा मोठा आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा, दोन्ही.
- धान्याचा ओलावा मोजणारं यंत्र. विकत घेणं जमत नसेल तर बाजार समितीत किंवा शेतकरी कंपनीत असतं, तिथून मोजून आणा.
- मोबाइलचा कॅमेरा.
- प्रयोगासाठी वेगळी काढलेली थोडी रक्कम, जी बुडाली तरी मजुरी आणि किराणा अडणार नाही.

१. एकच अडचण निवडा आणि तिला आकडा लावा

«धंदा वाढवायचा आहे» ही अडचण नाही. «शंभर किलो तुरीतून डाळ कमी निघते» ही अडचण आहे, कारण ती काट्यावर ठेवता येते.

तुरीचंच उदाहरण घेऊ. तुरीच्या दाण्याचं टरफल डाळीला डिंकासारख्या थरानं चिकटलेलं असतं. म्हणून हरभऱ्यापेक्षा तूर सोलायला अवघड. एमरीच्या, म्हणजे खरखरीत थराच्या, रोलरवर दाण्याला चरे पाडायचे, तेल चोळायचं, उन्हात वाळवायचं, पाणी मारून मुरवायचं, पुन्हा वाळवायचं, मग भरडायचं. दाण्यात टरफल साधारण १२ ते १५ टक्के असतं. म्हणजे हिशेबानं शंभर किलोतून ८५ किलोच्या आसपास डाळ मिळायला हवी. साध्या पद्धतीत हाती येते ७० ते ७५ किलो. मधले दहा ते पंधरा किलो तुकडा, चुरी आणि भुशात जातात. हे दहा ते पंधरा किलो ढेपेच्या भावानं विकायचे की डाळीच्या, यावर वर्षाचा नफा ठरतो. नव्या कल्पनेची जागा इथे आहे, आणि तिच्यासाठी नवी इमारत लागत नाही.

तुमच्या धंद्यातली अशी जागा शोधायची तर पुढच्या ठिकाणी पाहा. परत आलेला माल. फेकला जाणारा किंवा कवडीमोलानं जाणारा माल. मजूर हातावर हात ठेवून बसलेले तास, मग कारण लाइट असो, ऊन असो की पोतं यायचं असो. वर्षातले बंद महिने. आणि ज्या कामानंतर बायका कंबर धरून उठतात ते काम. शेवटची जागा मालकांना दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्यात चांगल्या सुधारणा तिथूनच निघतात.

निवडलेल्या अडचणीची सलग काही घाण्यांची किंवा खेपांची नोंद करा: आत किती गेलं, बाहेर काय काय किती आलं, ओलावा किती, वेळ किती, मशीनवर कोण होतं. ही नोंद नसेल तर पुढे सुधारणा झाली की झाल्यासारखी वाटली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

२. कामावरच्या माणसांना विचारा, पण विचारायची पद्धत बदला

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मालकानं चहाच्या वेळी «काही सुचतं का रे?» म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: «सगळं बरं आहे जी.» माणसांना सुचत नाही असं नसतं. बोलण्यात त्यांचा तोटा असतो. तो तोटा आधी काढावा लागतो.

*गुत्त्याचं काम आणि प्रयोग एकत्र चालत नाहीत.* पापड शेकड्यानं, डाळ क्विंटलवर, वेल्डिंग नगावर, अशी मजुरी असेल तर नवी पद्धत शिकताना हात मंदावतो आणि त्या दिवसाचे पैसे कमी होतात. कोण कशाला नवं करून पाहील? म्हणून प्रयोगाच्या दिवशी नेहमीच्या चांगल्या दिवसाएवढी रोजी द्या, माल किती निघाला ते न पाहता. हा खर्च प्रयोगाच्या पैशातून करा. एवढी एक गोष्ट केली तरी बोलणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसेल.

*माणसं कमी होतील ही भीती.* सुधारणा सुचवली आणि तिनं आपलीच रोजी गेली, असं एकदा जरी झालं तरी तुमच्याकडे पुढची दहा वर्षं कुणी तोंड उघडणार नाही. आधीच सांगा की वाचलेल्या वेळात दुसरं काम देऊ. आणि द्या.

*बायकांना वेगळं विचारा.* सासरे, दीर किंवा गावातले मोठे पुरुष समोर असतील तर सून बोलत नाही, मग ती मशीन कितीही चांगली चालवत असो. माझ्याकडे हे बोलणं आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, हिशेब वाटताना, वाळवणाच्या जागी बसून होतं. मी खुर्ची घेत नाही.

*आठ दिवसांत उत्तर.* प्रत्येक सूचना वहीत सुचवणाऱ्याच्या नावानं लिहा आणि पुढच्या बाजाराआधी तिचं काय झालं ते सांगा: करून पाहतो, आत्ता जमत नाही कारण हे, किंवा केलं आणि असं झालं. नकार चालतो, गप्प बसलेलं चालत नाही.

*मशीन थांबवायची मुभा.* काहीतरी बिघडतंय असं दिसलं तर मालकाला न विचारता मशीन बंद करायचा अधिकार चालवणाऱ्याला द्या. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली आणलेला माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबणं स्वस्त, हा त्यामागचा हिशेब. पुढे त्यांच्या मुलानं काढलेल्या मोटार कारखान्यानं हीच गोष्ट माणसांना लागू केली. कापसाच्या मुलखात हे समजावून सांगायला वेळ लागत नाही.

सूचना आली की लगेच उपायावर उडी मारू नका. आधी «काऊन?» असं खाली खाली विचारत जा. आमच्याकडचा संवाद साधारण असा होता:

डाळीत तुकडा जास्त. काऊन? रोलरमध्येच दाणा फुटून राह्यला. काऊन? मोठा दाणा जास्त घासला जाते, बारका तसाच सुटते, म्हणून पुन्हा फिरवा लागते. काऊन? बारका-मोठा एकत्रच टाकतो नं, ताई. काऊन? चाळणी एकाच मापाची आहे. काऊन? मशीनसंगं तेवढीच आली.

उत्तर नव्या मशीनमध्ये नव्हतं, दोन जादा चाळण्यांमध्ये होतं. रोलर बदलायचं कोटेशन तोवर आमच्या टेबलावर येऊन पडलं होतं. हे प्रश्न विचारणारा माणूस मालकच असला पाहिजे असं नाही. आमच्याकडे वाळवणावरच्या काकू हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात.

३. छोटा प्रयोग, जुन्याच्या बाजूला नवा

एका वेळी एकच गोष्ट बदला. चाळणीही बदलली, तेलही बदललं आणि वाळवायचे दिवसही बदलले, तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

एकाच गाडीतली, एकाच शेतकऱ्याची तूर घ्या. अर्धी जुन्या पद्धतीनं, अर्धी नव्या. पन्नास-पन्नास किलो पुरे. दोन्हीकडे माणूस तोच ठेवा. डाळ, तुकडा, चुरी, भुसा वेगवेगळे तोला. एकदा जमलं म्हणून नाचू नका, निदान तीन वेळा करा, आणि त्यातली एक खेप ढगाळ हवेत येऊ द्या. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात काहीही वाळतं, खरी परीक्षा अवकाळी पावसात होते.

प्रयोग सुरू करायच्या आधी वहीत दोन ओळी लिहा: किती फरक पडला तर हे पुढे न्यायचं, आणि किती पैसे गेले की थांबायचं. नंतर लिहिलं तर मन आपल्या बाजूनं आकडे वाकवतं.

अवजारं बनवणाऱ्यांचा प्रयोग शेतात होतो. रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरणाऱ्या यंत्राला शेतकरी दर खरिपात काहीतरी फेरफार सांगतातच. तो फेरफार केलेला एकच नग एका शेतकऱ्याला एकरभरासाठी फुकट द्या आणि त्याच्या मागे चाला. बियाणं कुठे तुंबतं, ओल्या काळ्या मातीत काय चिकटतं, बांधावर वळताना किती कष्ट पडतात, हे दुकानात उभं राहून कधीच दिसणार नाही.

आपल्याच मातीतलं मोठं उदाहरण दादाजी खोब्रागडे यांचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, जेमतेम जमीन असलेले शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या इतर धानात मिसळू दिल्या नाहीत. वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड करत गेले. त्यातून एचएमटी तांदूळ आला, त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून ओळखला जाणारा. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. वेगळं दिसलेलं वेगळं ठेवायची शिस्त होती, आणि प्रयोगात सर्वात जास्त लागते ती हीच.

४. मदत कुठे मागायची

विदर्भात संस्था कमी नाहीत, तिथे जाणारे छोटे उद्योजक कमी आहेत.

- *वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था.* केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाखाली, मगनवाडीत. १९३४ मध्ये इथेच अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं आणि बैलघाणीत सुधारणा करून वर्धा घाणी बनली ती याच परंपरेतली. खादी, वनौषधी, अन्नप्रक्रिया, ग्रामीण ऊर्जा, हस्तकला यांवर इथे काम आणि प्रशिक्षण चालतं.
- *अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ.* पीकेव्ही मिनी डाळ मिल इथलीच. कापणीनंतरच्या प्रक्रियेचा विभाग डाळ, हळद, मिरची, संत्रा अशा सगळ्यांसाठी उपयोगी.
- *कृषी विज्ञान केंद्र.* जिल्ह्यातच असल्यानं पहिली फेरी इथे मारा.
- *नागपूर.* संत्र्यासाठी केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था, जिनिंगसाठी सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र, तेल आणि अन्न तंत्रज्ञानासाठी लक्ष्मीनारायण ही तंत्रज्ञानाची शिक्षणसंस्था म्हणजे एलआयटी, आणि सगळ्या योजनांच्या चौकशीसाठी केंद्र सरकारचं एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचं, विकास कार्यालय.
- *चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र, चंद्रपूर.* २०१७ च्या कायदा-दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू झाड म्हणून धरला जात नाही, त्यामुळे शेतातल्या बांबूवर उद्योग करणं सोपं झालं आहे.
- *जवळचं आयटीआय, तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी कॉलेज.* शेवटच्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी प्रकल्पाचा विषय हवा असतो. खरी अडचण घेऊन जाणाऱ्याला प्राध्यापक सहसा परत पाठवत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये जा, विषय तेव्हा ठरतात.

जाताना माल, वही, फोटो आणि एकच प्रश्न न्या. «काहीतरी मार्गदर्शन करा» म्हटलं की योजनेचं पत्रक हातात मिळतं. «माझ्या डाळीत एवढा तुकडा येतो, हे तीन खेपांचे आकडे, आणखी काय तपासू?» म्हटलं की शास्त्रज्ञ खुर्ची पुढे ओढून बसतात. फोन करून, वेळ घेऊन, तपासणीचं शुल्क आधी विचारून जा. आणि यंत्राची नवी रचना असेल तर पूर्ण आराखडा उघड करण्यापूर्वी सहावी पायरी वाचा.

५. थोडा विकून पाहा, पूर्ण भावानं

घरच्यांना आणि नातेवाइकांना फुकट वाटून मिळालेली वाहवा हिशेबात धरू नका. नवा माल थोडाच करा आणि पूर्ण किमतीला विका: आठवडी बाजार, तालुक्यातली दोन दुकानं, नागपूर-अमरावतीची एखादी सोसायटी, बचत गटांचं प्रदर्शन. प्रदर्शनातल्या पहिल्या विक्रीपेक्षा दुसऱ्यांदा आलेला गिऱ्हाईक मोलाचा. पाकिटावर फोन नंबर द्या आणि पुन्हा घेणाऱ्याला विचारा की आधी कुठली डाळ घेत होता आणि ती का सोडली.

खायचा माल असेल तर विक्रीआधी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे, लागतोच. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तारीख, पत्ता, घटक हे हवंच. टिकवण्याची मुदत अंदाजानं छापू नका, प्रयोगशाळेतून ठरवून घ्या.

दोन सापळे सांगते. पहिला नावाचा. वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या पट्ट्याबाहेरची हळद दळून पाकिटावर «वायगाव हळद» छापणं बेकायदा आहे, आणि त्या शेतकऱ्यांवर अन्यायही. त्या भागातले असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवा आणि मगच छापा.

दुसरा उधारीचा. नव्या मालाची पहिली खेप व्यापाऱ्याकडे सहा महिने अडकली की प्रयोग तिथेच संपतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सातव्या पायरीवर पाहा) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या तारखेला आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे, असं कायदा सांगतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. नुसत्या क्रमांकानंही बोलणी बदलतात.

६. कल्पना जपायची कशी

आधी हे ठरवा की तुमचं नवेपण कशात आहे.

यंत्राच्या रचनेत किंवा प्रक्रियेत असेल तर *पेटंट*. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, तपासणीचं शुल्क आणि वकिलाचा खर्च वेगळा. काम अर्धवट असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पक्की करता येते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

नाव किंवा चिन्ह असेल तर *ट्रेडमार्क*. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्ज दर वर्गाला ४,५०० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण. वस्तूच्या दिसण्यात नवेपण असेल तर *डिझाइन नोंदणी*, १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. बियाण्याची जात असेल तर पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे आणि शेतकऱ्यांच्या वाणांना त्यात नोंदणी शुल्क नाही. खोब्रागडेंनी एचएमटी शोधला तेव्हा हा कायदा नव्हता. तांदूळ देशभर गेला आणि ते २०१८ मध्ये गेले तोवर त्यांच्या हाती पैसा जवळजवळ आलाच नाही. आज तुमच्या शेतात काही वेगळं उगवलं तर नोंदणी टाळू नका.

सर्वात मोठा सापळा मोबाइल आहे. यंत्र चालू झालं की उत्साहात व्हिडिओ काढून गटावर आणि यूट्यूबवर टाकला जातो. अर्जाच्या तारखेआधी गोष्ट जाहीर झाली तर ती कायद्याच्या दृष्टीनं नवी राहत नाही. आधी अर्ज, मग व्हिडिओ.

मसाल्याच्या नुसत्या मिश्रणाला आणि परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानाला पेटंट मिळत नाही. सासूबाईंच्या काळ्या मसाल्याचं पेटंट काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ते प्रमाण गुपित ठेवा आणि नावाचा ट्रेडमार्क घ्या. नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, या विषयाचं प्रशिक्षण तिथे होतं. उद्यम नोंदणी असेल तर या खर्चाची परतफेड मिळते का, हे एमएसएमई विकास कार्यालयात विचारा.

आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्या बहुतेकांच्या सुधारणांना कागदाची गरज नसते. चाळणी बदलली याचं पेटंट होत नाही, फायदा मात्र होतो.

७. आता पैसा

प्रयोग तीनदा जमला, माल पूर्ण भावानं दोनदा गेला, वहीत आकडे आहेत. आता बँकेत जा. तुमचा प्रकल्प अहवाल अर्धा लिहून झालेला आहे.

*उद्यम नोंदणी* पहिली. आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या हुबेहूब वेबसाइट आहेत, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का पाहा. १ एप्रिल २०२५ पासून मशीनमधली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरतात, म्हणजे गावातले जवळजवळ सगळेच.

*सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, पीएमएफएमई.* खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाला जोडलेलं अनुदान. स्वतःचे निदान १० टक्के. चालू उद्योगाच्या सुधारणेलाही मिळतं, म्हणून आपल्याला ही जास्त उपयोगी. आपल्या राज्यात कृषी विभागाकडे आहे. जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज भरायला मदत करते आणि तिचं मानधन सरकार देतं, तुमच्याकडून घ्यायचं नसतं.

*पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, पीएमईजीपी.* नव्या उद्योगासाठी, उत्पादनाला ५० लाखांपर्यंत प्रकल्प. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास अशा विशेष गटांना ३५ टक्के. चालू धंद्याला नवा दाखवून अर्ज करायला सांगणारे भेटतील. करू नका, तपासणीत निघतं.

तारण नसेल तर सीजीटीएमएसई या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या योजनेबद्दल शाखेत नाव घेऊन विचारा. आपणहून क्वचितच सांगतात. योजनांच्या मुदती आणि अटी बदलतात, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात सरकारी पोर्टलवर किंवा जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करून घ्या.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा: अनुदान हातात येत नाही. ते तुमच्या नावानं बँकेत तीन वर्षं बाजूला राहतं आणि उद्योग नीट चालू असेल तर कर्जात जमा होतं. हप्ता सुरुवातीपासून धंद्यातूनच निघाला पाहिजे. पस्तीस टक्क्यांसाठी दुप्पट किमतीचं मशीन घेणं हा सरळ तोटा आहे. कोटेशन तीन ठिकाणची घ्या, आणि त्या मशीनवर काम करणाऱ्या दुसऱ्या गावातल्या माणसाला भेटल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. तिकडे जाताना तुमचा मशीन चालवणारा सोबत न्या. तो विचारतो ते प्रश्न तुम्हाला सुचणार नाहीत.

कागदपत्रं, एकाच फाइलमध्ये

- आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला
- उद्यम प्रमाणपत्र, असेल तर जीएसटी, खायच्या मालाला एफएसएसएआय
- जागेचा सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, जागा भाड्याची असेल तर नोंदलेला भाडेकरार
- ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला
- वीजबिल, आणि नव्या मशीनचा भार वाढणार असेल तर वाढीव भाराचा अर्ज. थ्री-फेजला वेळ लागतो, हा अर्ज सगळ्यात आधी करा
- बँकेचं खातेउतारा, चालू धंद्याची विवरणपत्रं
- तीन कोटेशन आणि प्रकल्प अहवाल
- तुमच्या वहीतल्या नोंदींच्या झेरॉक्स. कुणी मागत नाही, तरी जोडा

८. वर्षाला बांधून घ्या

आपले धंदे हंगामाचे आहेत. फेब्रुवारीत तूर येऊन पडली की कुणाला मान वर करायला फुरसत नसते, त्या काळात नवं काही सुरू करू नका, फक्त नोंदी करा. आमच्याकडे वर्ष साधारण असं बसलं आहे.

पोळा झाला की वही काढून सगळे बसतो आणि पुढच्या हंगामासाठी एक, फार तर दोन अडचणी निवडतो. दसऱ्यापर्यंत संस्थांच्या चकरा. दिवाळीआधी प्रयोगाचं सामान, चाळण्या, जाळ्या तालुक्याच्या वेल्डरकडून बनवून घेतो आणि जुन्या तुरीवर पहिली खेप मारतो. संक्रांतीनंतर नव्या तुरीवर उरलेल्या खेपा. उन्हाळ्यात धंदा. मृग लागायच्या आत हिशेब, आणि त्या वर्षी ज्या सूचनेनं पैसे वाचले तिच्या बचतीतला ठरलेला वाटा सुचवणाऱ्याला, सगळ्यांसमोर. वाटा किती ते हंगामाआधीच वहीत लिहिलेलं असतं.

नवी पद्धत एकाच माणसाला येत असेल तर त्याच महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी शिकवायला सांगा, शिकवण्याच्या दिवसाची रोजी धरून. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी जाते, पोरगा पुण्याला कंपनीत लागतो, आणि त्यांच्या हातातलं कसब त्यांच्यासोबत जातं. शिकलेल्या दुसऱ्या माणसाचं नावही वहीत त्याच पानावर लिहा.